बहिणींच्या सह्यांची बेरीज

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यात समाजशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या पीएच.डी. प्रबंधावरून एक पावसाळा चांगलाच तापला. निवेदनं निघाली, ग्रामसभेत ठराव झाला, मुंबईकर मंडळाची खास बैठक भरली आणि शेवटी महाविद्यालयाला चौकशी समिती नेमावी लागली. तिघांच्या त्या समितीत मी बाहेरचा सदस्य होतो. माणसांची, गावांची, संस्थेची नावं इथे दिलेली नाहीत आणि काही खुणा मुद्दाम पुसल्या आहेत. प्रबंधातले आकडेही देत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

प्रबंधाचा विषय होता हक्कसोडपत्र. वडील वारले की बहिणी जमिनीतला आणि घरातला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडतात, तो नोंदणीकृत दस्त. कोकणात हा कागद ठाऊक नाही असं घर सापडायचं नाही. मजकूर वर्षानुवर्षं ठरलेला असतो : राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता. मुद्रांक शुल्क नाममात्र. दस्तलेखकाकडे नमुना तयारच असतो; नावं, गट नंबर आणि क्षेत्र तेवढं भरायचं. दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो झाला की कागद फेरफारासाठी तलाठ्याकडे जातो, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली की सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव जातं.

या कागदामागे कायद्याची मोठी वाट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मानं हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये ती सुधारणा केली, तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली मात्र बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तोही भेद काढला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही.

हक्क नव्हता तोवर बहिणीच्या सहीला कोणी विचारत नव्हतं. वारसनोंदीत तिचं नाव एकतर यायचंच नाही, नाहीतर ‘इतर अधिकार’ या रकान्यात पडून राहायचं. हक्क आला तसे खरेदीदारांचे वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, काढताना बहिणींच्या सह्या मागू लागले. महामार्गाच्या भूसंपादनाचे पैसे सातबाऱ्यावरच्या नावांना मिळतात, तिथेही तेच. समुद्र दिसणाऱ्या वरकस जमिनीला, जिथे पूर्वी गवत कापण्यापलीकडे कोणी फिरकत नव्हतं, रिसॉर्टवाल्यांमुळे भाव आला. आता सामाईक सातबाऱ्यावरची चाळीस-चाळीस नावं साफ करून देणं हाच काहींचा धंदा झाला आहे. मॅडमचं (गावात आणि महाविद्यालयात त्यांना सगळे असंच म्हणतात, मीही तेच वापरतो) म्हणणं असं की हक्कसोडपत्रं वाढली याचा अर्थ बहिणींचा हक्क पक्का झाला, आणि पक्का झाला म्हणूनच तो सोडवून घेणं गरजेचं झालं. माझ्या मते प्रबंधातला हा सगळ्यात धारदार मुद्दा. एवढ्या गदारोळात त्यावर एक माणूस बोलला नाही.

अभ्यासाला रत्नागिरी जिल्हा निवडण्याचं कारणही साधं होतं. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वाधिक. पुरुष मुंबईला, म्हणून. शेत, गुरं, कलमं, म्हातारी माणसं बायकांकडे आणि सातबारा पुरुषांच्या नावे. देशभरातल्या वहिवाटदारांत स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ च्या कृषी गणनेत सुमारे १४ टक्केच होतं.

मॅडमनी दोन प्रकारचं काम केलं. निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा, आणि तलाठी कार्यालयातून फेरफार काढले. हे दोन्ही सार्वजनिक अभिलेख आहेत, शुल्क भरून कोणालाही बघता येतात. मग सह्या केलेल्या बहिणींना, सह्या घेतलेल्या भावांना, दस्तलेखकांना आणि वकिलांना भेटल्या. खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांवर वेगळं प्रकरण होतं. तिथे वारसा कायदा वेगळा, मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, आणि तरीही तोही वाटा बहिणी सोडतात असं त्यात दिसत होतं. प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात मॅडमनी लिहिलं होतं की त्यांनी स्वतःही आपल्या भावाच्या नावे हक्कसोड केलेली आहे.

त्यांना आढळलं की सह्या मुख्यतः दोन वेळांना होतात. एक बाराव्या-तेराव्याला. सगळ्या बहिणी घरात असतात, सुतक नुकतंच फिटलेलं असतं, आणि कोणीतरी काका म्हणतो की आता पुन्हा सगळ्या एकत्र कधी याल, नोंद करून टाका. दुसरी वेळ गिऱ्हाईक आल्यावरची. पहिल्या वेळी कोणी किंमत बोलत नाही. दुसऱ्या वेळी किंमत ठरलेली असते, पण बहिणीला सांगितलेली नसते.

बहिणींनी दिलेली कारणं प्रबंधात पानंच्या पानं आहेत, आणि ती वाचताना कुठेही बायका बावळट वाटत नाहीत. बाळंतपणाला जायला घर. नवऱ्यानं बाहेर काढलं तर पाठ टेकायला भिंत. मे महिन्यात आंब्याची पेटी, गणपतीत पोरांना मामाचं घर, भाऊबीज. जमीन घेऊन भाऊ तोडायचा की जमीन सोडून भाऊ राखायचा, हा हिशेब त्या नीट करतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी दक्षिण आशियातल्या स्त्रियांच्या जमीनहक्काबद्दल १९९४ मध्ये केलेल्या मांडणीतही हे आहे : भावाचा आधार शाबूत राहावा म्हणून बहिणी हक्क सोडतात. मॅडमनी त्यात कोकणची भर घातली. जमीन ज्याच्या नावे होते तो भाऊ बरेचदा विरारला किंवा डोंबिवलीला असतो, आणि आईचं औषधपाणी बघायला धावते ती शेजारच्या गावात दिलेली बहीण. दस्तात मोबदला नाही असं लिहिलेलं असतं, पण मोबदला असतो आणि तो म्हणजे माहेर. फक्त देणारा तो कधीही थांबवू शकतो आणि घेणारीला त्यावर कुठे दाद मागता येत नाही. प्रबंधाचा सगळा सूर या एका वाक्यात होता.

बातमी

महाविद्यालयात एक दिवसाचं चर्चासत्र झालं, त्यात मॅडमनी वीस मिनिटं हे मांडलं. श्रोत्यांत एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होता. दोन दिवसांनी बातमी आली, आणि तालुक्यातले भाऊ बहिणींना लुबाडतात असा तिचा मथळा होता. आतल्या मजकुरात मॅडमचं नाव, महाविद्यालयाचं नाव आणि ‘पीएच.डी. संशोधनातून उघड’ हे शब्द. माहेर हाच मोबदला हे वाक्य गाळलेलं. वार्ताहराला फार दोष देता येत नाही. चार कॉलमच्या जागेत त्याला मथळा हवा होता आणि त्यानं तो काढला. पण गावाला या संशोधनाचा मराठीत मिळालेला पहिला मजकूर तो मथळा होता, हे लक्षात ठेवायला हवं. प्रबंध इंग्रजीत होता. मुलाखती मराठीत, बऱ्याचशा बोलीत घेतलेल्या. त्या इंग्रजीत गेल्या आणि परत आल्याच नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या भाषेत चार पानांचा सारांश तरी आधी पोचवायला हवा होता. हे मी समितीच्या अहवालातही लिहिलं.

बातमीचा फोटो रात्री वाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला आणि सकाळपर्यंत मुंबईकर मंडळात पोचला. राग गावात होता त्याहून मुंबईत जास्त होता. मला त्याचं सुरुवातीला आश्चर्य वाटलं, नंतर नाही. गावात राहणाऱ्या भावाला बहीण आठवड्याच्या बाजारात भेटते. काय ते तिथेच बोलून होतं. चाकरमान्याचं गावाशी नातं घर, जमीन आणि पालखीचा मान एवढ्यावर टिकलेलं असतं, आणि बातमीनं नेमकं तिथे बोट ठेवलं होतं.

मागण्या वाढत गेल्या. आधी खुलासा, मग जाहीर माफी, मग पदवी रद्द करा, मग बदली करा. विनाअनुदानित तुकडीवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईची बदली कुठे करणार, हे कोणी विचारलं नाही. पोलीस ठाण्यात निवेदन गेलं. ग्रामसभेत निषेधाचा ठराव झाला. मॅडमनी आपल्याच भावावर दावा लावलाय अशी बोलवा उठली. त्यांनी स्वतः हक्कसोड दिल्याचं प्रबंधात छापलेलं होतं. ते कोणीतरी शोधून काढलं तेव्हा बोलवा थांबायच्या ऐवजी उलटी फिरली : स्वतः सोडून बसली आणि दुसऱ्यांच्या बहिणींना शिकवते.

कोण चिडलं होतं

निवेदनांवरच्या सह्या बघून वाटलं होतं की एकच एक जमाव असेल. लोकांशी बोलल्यावर तसं उरलं नाही.

काहीजण व्यवहारात अडकलेले होते. बयाणा घेतलेला, एक बहीण सहीला येत नाही, आणि अशात ही बातमी. त्यांच्या दृष्टीनं मॅडम म्हणजे सरळ धंद्यातला अडथळा. ते सगळ्यात मोठ्यानं बोलत होते आणि त्यांच्याशी बोलण्यासारखं सगळ्यात कमी होतं.

काहीजणांना पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. बाहेरून आयात केलेली भाषा त्यांच्याकडून आली : परदेशी पैसा, कुटुंबव्यवस्थेवर हल्ला, हे विषय शिकवणंच बंद करा. एका फॉरवर्डमध्ये युरोपातल्या देशानंसुद्धा हा विषय बंद केल्याचं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. हंगेरीच्या सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये जेंडर स्टडीजचे पदव्युत्तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त यादीतून काढले होते. आपल्याकडेही स्त्री-अभ्यास केंद्रांना २०१७ मध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पत्रांमुळे निधी पुढे मिळेल की नाही अशी धास्ती बसली होती. पण ज्यानं हंगेरीचा फॉरवर्ड वाचून दाखवला त्याला प्रबंध सातबाऱ्यावर आहे हे माहीत नव्हतं. फक्त हिंदूंचंच का, असंही त्यानं विचारलं. मोहल्ल्यांवरच्या प्रकरणाचा पान क्रमांक सांगितल्यावर त्यानं विषय बदलला.

तिसऱ्या तऱ्हेच्या लोकांपाशी मात्र थांबावं लागतं. हे भाऊ गावातच राहिलेले होते. बापाच्या आजारपणात कर्ज काढलं, दोन बहिणींची लग्नं केली, पावसात कोसळलेली पडवी पुन्हा उभी केली, कलमांना दरवर्षी खत-फवारणी केली. एकानं मला खर्चाची वही दाखवली. त्याचा प्रश्न असा होता की तुमच्या बाईंनी बहिणींनी सोडलेलं मोजलं, मी घातलेलं कुठे मोजलं? प्रश्न रास्त होता. प्रबंधात भावांच्या मुलाखती आहेत, पण त्यांचा खर्च तक्त्यात कुठे नाही. अर्थात त्या वहीत बहिणीनं आईचं केलेलंही नव्हतं, आणि ते मी त्याला म्हटलं. तो म्हणाला की ते कोण लिहून ठेवतं. आमचं बोलणं तिथून बरंच पुढे गेलं, भांडण न होता.

सह्या करणाऱ्या कित्येक बहिणीही चिडल्या होत्या, आणि मॅडमना लागलं ते हेच. आम्ही आपखुशीनं दिलं, आमच्या भावानं आम्हाला काय कमी केलं, असं त्या म्हणत. एक आजी म्हणाल्या, “आमी काय भोळ्या न्हाय. सही काय असते ता आमाला म्हायती हाय.” प्रबंधात त्या भोळ्या असल्याचं कुठेच नव्हतं, उलट होतं. पण बातमीत भाऊ लुटारू झाले की बहिणी आपोआप भोळसट होतात, आणि ते त्यांना सहन झालं नाही.

या सगळ्यांत समान काय होतं, याचा मी बराच विचार केला. आपल्या घराची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती आणि मान्यही होती. अमुक बहिणीनं प्रेमानं दिलं, तमुक बहिणीचा नवरा चांगला कमावतो, तिसरी परगावी असते. घराघरांतली ही कारणं खरीच आहेत. मॅडमनी फक्त ती एकाखाली एक मांडली. मांडल्यावर दिसलं की कारणं वेगवेगळी असली तरी जमीन दर वेळी एकाच दिशेनं जाते. प्रेमानं भावानं बहिणीच्या नावे सोडल्याचे दस्त शोधायला गेलं तर बोटावर मोजण्याइतके. राग या बेरजेवर होता. एकेका घराला तिच्यात कुठे खोटं सापडत नव्हतं, आणि सगळ्या घरांना मिळून ती आरोप वाटत होती. स्त्री-अभ्यासावर इतर ठिकाणी जो रोष दिसतो त्यातलाही बराचसा मला आता असाच वाटतो. सगळा नव्हे, काही ठिकाणी सरळसरळ सत्तेचं राजकारण असतं.

जुनेच मुद्दे

घरं फुटतील, जमिनीचे तुकडे होतील, भाऊ-बहीण वैरी होतील : निवेदनांतले हे तिन्ही मुद्दे हिंदू कोड बिलाच्या वेळचे आहेत. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा देण्याच्या तरतुदीला तेव्हा मोठा विरोध झाला होता. बिल रखडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. ग्रामसभेत ठराव मांडणाऱ्यांपैकी काहीजण एप्रिलमध्ये जयंतीच्या व्यासपीठावरही होते. हा विरोधाभास मी त्यांच्यासमोर मांडला नाही. त्या दिवशी तो टोमणा झाला असता.

दुसरं उदाहरण समितीतल्या वकिलांनी काढलं. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. १८९३ मध्ये त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्यांना घरात घेतल्यास घरच्यांनाही तीच शिक्षा. पुढे १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याच एसएनडीटी विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकारानं स्त्री-अभ्यासाचं देशातलं पहिलं संशोधन केंद्र सुरू झालं. म्हणजे या विषयाचा उगम शोधत परदेशात जायचं कारण नाही, दापोलीची एसटी पुरेशी आहे, असं वकीलसाहेब म्हणाले. प्राचार्य हसले नाहीत.

ओळख पटली

गदारोळात खरं नुकसान एका बाईचं झालं, आणि तिचं नाव कुठल्याच निवेदनात नव्हतं.

प्रबंधात गावांना अक्षरं दिली होती आणि मुलाखत देणाऱ्यांना क्रमांक. शहरातल्या अभ्यासाला हे पुरतं. पण एका गावाचं वर्णन चार ओळींचं होतं आणि त्या चार ओळी वाचून तालुक्यातलं शेंबडं पोरही गाव ओळखेल. त्या गावातल्या एका क्रमांकापुढे वय, बहिणींची संख्या, मुलगा काय करतो आणि दस्ताचं वर्ष होतं. कोणीतरी इंटरनेटवरून प्रबंध उतरवला, तेवढं पान भाषांतर ॲपमधून मराठीत काढलं आणि ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात नाव आलं.

तिच्या भावानं शिवीगाळ केली नाही की दारातून हाकललं नाही. त्या वर्षी गणपतीला तिला बोलावणं गेलं नाही, एवढंच. मोबदला कधीही थांबवता येतो हे प्रबंधातलं वाक्य तिच्याच माहेरानं खरं करून दाखवलं, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या बाईंना याचा इतका त्रास झाला की काही आठवडे त्या वर्गावर आल्या नाहीत.

ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्या घरी शिमग्याला पालखी येऊ देणार नाही, असंही गावात बोललं जाऊ लागलं. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वकिलांनी मानकऱ्यांना एकदा चहाला बोलावून हे शांतपणे सांगितलं. पालखीची भाषा बंद झाली. भावानं बहिणीला गणपतीला न बोलावण्यावर मात्र असा काही कायदा नाही.

समिती

आम्हाला दिलेलं काम एका ओळीचं होतं : संशोधनामुळे समाजाच्या भावना दुखावल्या आहेत किंवा कसे, हे तपासणे. दुखावल्या होत्या, हे दारातल्या गर्दीवरूनच दिसत होतं. त्याला समिती कशाला? आम्ही लिहून मागून घेतलं की मांडणी खरी आहे का, हेही तपासू. यावर पंधरवडा गेला. प्राचार्यांनी तोवर पत्रक काढून टाकलं होतं की हे प्राध्यापिकेचं वैयक्तिक मत असून महाविद्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही. अभिलेखांतून काढलेल्या नोंदींना वैयक्तिक मत म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. संस्थाचालकांचा दबाव होता, हे मान्य करूनही.

निबंधक कार्यालयात बसून आम्ही प्रबंधातले काही दस्त मूळ कागदांशी ताडून पाहिले. काही वाटणीपत्रं हक्कसोडपत्रांत मोजली गेली होती. चूक खरी होती, निष्कर्षाची दिशा तिनं बदलत नव्हती. मॅडमनी ती लगेच मान्य केली. विरोधकांपैकी कोणाला ती सापडली नव्हती, कारण त्यासाठी तक्ते वाचावे लागले असते.

मग शाळेच्या वर्गात एक बैठक घेतली. पुरुष बाकांवर, बायका बाहेर व्हरांड्यात. आत दीड तास अब्रू, संस्कृती आणि बातमी यांवर बोलणं झालं. बैठक उठल्यावर व्हरांड्यातल्या एका बाईनं वकिलांना विचारलं की केलेली सही मागे घेता येते का. त्यांनी सांगितलं : नोंदणी झालेला दस्त एकटीला रद्द करता येत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं, फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणखी दोघी-तिघी जवळ सरकल्या. एकीनं विचारलं की अजून केली नसेल तर? मग घाई करू नका, ते म्हणाले, दस्त आधी घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि गिऱ्हाईक आलेलं असेल तर भाव विचारा. प्रबंध संपवायला वर्षं लागली, आणि त्याचा कामाला येईल असा भाग व्हरांड्यात पाच मिनिटांत सांगून झाला.

अहवालात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. प्रबंधातली मांडणी अभिलेखांशी जुळते, दुरुस्त्या सोबत जोडल्या आहेत. छोट्या गावांत अक्षर आणि क्रमांक देऊन ओळख लपत नाही; वय, भावंडं, दस्ताचं वर्ष या गोष्टी एकत्र छापू नयेत, आणि दोन-तीन गावांचं वर्णन मिसळून द्यावं. मराठी सारांश ग्रामपंचायतींना द्यावा. अहवाल स्वीकारला गेला. महाविद्यालयानं तो प्रसिद्ध केला नाही.

पदवी अर्थातच कोणी रद्द केली नाही. ग्रामसभेच्या ठरावानं ती रद्द होतही नाही. मॅडम अजून शिकवतात. स्त्री-अभ्यासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुढच्या वर्षी सुरू झाला नाही, कारण म्हणून विद्यार्थीसंख्या दाखवली गेली. प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी जमिनीचा विषय घेणं बंद केलं. त्या वर्षीचे जवळपास सगळे प्रकल्प पर्यटनावर होते. जमीन सोडून कोकणातल्या पर्यटनाचा अभ्यास कसा करतात, हे मला बघायचं होतं. बघितलं. होम-स्टेच्या खोल्या मोजतात.

मराठी सारांश मॅडमनी लिहिला आहे, आणि भावांच्या खर्चावर त्यात नवा भाग घातला आहे. तो वाचून दोन गावांनी उलटीच मागणी केली : आमचं नाव छापा, कारण आमच्याकडे इतरांसारखं नाही. मॅडमनी नकार दिला. एका गावाचं नाव आलं की उरलेल्यांची ओळख सोपी होते. त्यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.

जिची ओळख पटली त्या बाईचा मजकूर मूळ प्रबंधातून वगळण्यासाठी पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडे अर्ज केला आहे. मान्य झालेल्या प्रबंधात बदल करायची सोय नियमांत नाही, असं पहिलं उत्तर आलं. दुसरा अर्ज गेला आहे. तोवर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली प्रत ग्रंथपालांनी कुलपात ठेवली आहे, आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरची कोणालाही उतरवून घेता येते.